शास्त्रज्ञाच्या नावाचे तारण

1975 साली, जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत, मूळचे बेलफास्टचे असलेले भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या भेटीस तिशीही न गाठलेला एक फ्रेंच अध्यापक आला, आपल्या मनात घोळत असलेल्या एका प्रयोगाची योजना त्याने तपशीलवार मांडली, आणि ती शांतपणे ऐकून घेतल्यावर बेल यांनी त्याला पहिला प्रश्न विचारला तो असा, की तुमची नोकरी कायमची आहे काय? ती तशी आहे असे उत्तर मिळाल्यानंतरच बेल यांनी त्या प्रयोगाची चर्चा आरंभिली व त्याला मनापासून उत्तेजन दिले. पुंजयांत्रिकीच्या, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सच्या, पायाविषयी शंका काढणे हा त्या काळी पदार्थविज्ञानात रिकामटेकड्यांचा उद्योग समजला जात असे. ती यांत्रिकी हिशेबाला उतरते, मग ती का उतरते हे विचारण्यात आयुष्य कोणी दवडावे, असा व्यावहारिक प्रश्न बहुतेक प्राध्यापकांच्या मनात असे, आणि ज्याची उमेदवारी अजून संपलेली नाही अशा तरुणाने हा विषय घेतला तर त्याचा पुढचा मार्ग बंद होण्याचा संभव मोठा होता. बेल स्वतः सर्नमध्ये कणभौतिकीचे व त्वरकांचे नेमून दिलेले काम करीत आणि आपले मूलगामी चिंतन उरलेल्या वेळात करीत. तेव्हा त्यांचा हा प्रश्न अनुभवातून आलेला होता. त्या तरुणाचे नाव आलाँ आस्पे. पॅरिसजवळच्या काशाँ येथील अध्यापनसंस्थेत त्यांची जागा पक्की होती, म्हणून त्यांना हे धाडस परवडले.

त्याच प्रयोगांबद्दल 4 ऑक्टोबर 2022 रोजी आस्पे यांना जॉन क्लॉझर आणि आंतोन त्साइलिंगर यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक जाहीर झाले, ही गोष्ट वृत्तपत्रवाचकांना ठाऊक आहे. तितकीशी ठाऊक नसलेली गोष्ट अशी, की या सन्मानाच्या तीन वर्षे आधी, 2019 मध्ये, क्वांटम संगणक तयार करून विकणारी ‘पास्कल’ नावाची एक कंपनी फ्रान्समध्ये निघाली, आणि तिच्या संस्थापकांत व वैज्ञानिक सल्लागारांत आस्पे यांचे नाव आहे. बहात्तराव्या वर्षी, बहुतेक मानमरातब पदरी पडल्यावर, एक मूलभूत संशोधक भागभांडवलाच्या, करारनाम्यांच्या आणि मुदतींच्या या जगात पाऊल टाकतो तेव्हा तो तेथे काय घेऊन जातो, काय देतो, आणि कोणती गोष्ट त्याने कोणत्याही किमतीस देऊ नये, हा या लेखाचा विषय आहे. आणि आपल्या देशातही सांप्रत अशाच कंपन्या उभ्या राहत असल्यामुळे तो केवळ फ्रेंचांचा विषय राहिलेला नाही.

आस्पे यांचा जन्म 1947 चा, नैर्ऋत्य फ्रान्समधला, आईवडील शाळामास्तर. पॅरिसजवळच्या ऑर्से येथे होलोग्राफीवर पहिला प्रबंध लिहून झाल्यावर, लष्करी सेवेच्या ऐवजी परदेशी अध्यापन करण्याची जी सवलत फ्रेंच सरकार देत असे तिचा लाभ घेऊन, ते तीन वर्षे आफ्रिकेतील कॅमेरून देशात शिकवीत राहिले. क्लोद कोएन-तानूजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिलेला पुंजयांत्रिकीचा द्विखंडात्मक ग्रंथ नुकताच प्रसिद्ध झाला होता. मायदेशापासून दूर त्यांनी तो एकट्याने, पान पान पचवीत वाचला. विद्यापीठाच्या धबडग्यात परीक्षेपुरते वाचणे निराळे आणि असे निवांत एकांतात, कोणी मत बनवून देण्याच्या आधी, वाचणे निराळे. 1974 मध्ये परत आल्यावर बेल यांचा 1964 चा निबंध त्यांच्या हाती पडला आणि आपल्या आयुष्याचे काम कोणते हे त्यांना समजले.

बेल यांचा निबंध ज्या प्रश्नाविषयी होता तो मुळात आइन्स्टाइनचा. 1935 साली पोडोल्स्की व रोझेन यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादले होते, की एकत्र जन्मून दूर गेलेल्या दोन कणांमध्ये पुंजयांत्रिकी जो विलक्षण मेळ सांगते त्याचा अर्थ लावावयाचा तर ते कण जन्मतःच काही गुप्त ठरावपत्र बरोबर घेऊन निघतात असे मानावे लागेल, आणि ते ठरावपत्र पुंजयांत्रिकीला दिसत नसल्यामुळे ती अपुरी आहे. नील्स बोर यांनी त्याचा प्रतिवाद केला, पण कोणाचे खरे हे प्रयोगाने ठरविण्याची वाट कोणास दिसत नव्हती. ती बेल यांनी दाखविली: असे ठरावपत्र खरोखर असेल, आणि एका टोकाची घटना दुसऱ्या टोकावर तत्क्षणी परिणाम करीत नसेल, तर दोन्ही टोकांच्या मापनांतून काढलेली एक विशिष्ट संख्या 2 च्या पलीकडे जाऊच शकत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. पुंजयांत्रिकी मात्र ती 2.8 च्या थोडी वर जाऊ शकते असे सांगते. अमेरिकेत क्लॉझर आणि फ्रीडमन यांनी 1972 मध्ये पहिला कौल पुंजयांत्रिकीच्या बाजूने दिला होता. परंतु संशयाला जागा बरीच उरली होती.

ऑर्सेच्या प्रकाशविज्ञानसंस्थेच्या तळघरात आस्पे यांनी फिलिप ग्राँजिए, झाँ दालिबार आणि यंत्रांची बांधणी करणारे जेरार रोझे यांच्या साह्याने जे उपकरण कित्येक वर्षे खपून उभे केले, त्यात कॅल्शियमच्या अणूंचा झोत दोन लेसर किरणांनी उद्दीपित केला जाई आणि प्रत्येक अणू एकापाठोपाठ दोन फोटॉन सोडी, एक हिरवा व एक जांभळा. ते दोन्ही फोटॉन विरुद्ध दिशांना धावत आणि उगमापासून सहा-सहा मीटरांवर बसविलेल्या ध्रुवकांवर आदळत. 1982 मध्ये आलेली संख्या 2.697 होती, चुकीची मर्यादा अवघी 0.015. त्याहून बिकट काम पुढचे. ध्रुवक आधीपासून एकाच दिशेला रोखलेले असतील तर एका टोकाची बातमी दुसऱ्या टोकाला अज्ञात मार्गाने पोचली असेल अशी शंका राहते. म्हणून फोटॉन वाटेत असतानाच त्यांचा मार्ग बदलला पाहिजे. बारा मीटरांचे अंतर काटण्यास प्रकाशाला 40 नॅनोसेकंद लागतात. आस्पे आणि मंडळींनी पाण्यात ध्वनिलहरींची स्थिर रचना उभी करून असा खटका तयार केला, की जो सुमारे दर 10 नॅनोसेकंदांनी फोटॉनला या ध्रुवकाकडून त्या ध्रुवकाकडे वळवी. बातमी पोचण्यास अवधीच उरला नाही, आणि तरीही निकाल तोच लागला.

या ठिकाणी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण आस्पे यांची सल्लागार म्हणून खरी लायकी कशात आहे हे या खटक्यांच्या प्रयोगाच्या निबंधात दिसते. हे खटके यदृच्छेने उघडमीट करीत नव्हते. त्यांना जवळजवळ नियमित अशी लय होती, आणि ज्याला लय आहे त्याचा अंदाज आधी बांधता येतो. ही उणीव दुसऱ्या कोणी त्यांच्या पदरात घालण्यापूर्वी त्यांनी स्वतःच निबंधात नमूद केली व निःसंशय निर्णयासाठी खरोखर यादृच्छिक बदल करणारा प्रयोग व्हावयास हवा असे सांगून ठेवले. तो प्रयोग त्साइलिंगर यांच्या इन्सब्रुक येथील मंडळींनी 1998 मध्ये केला, आणि उरलेल्या सर्व फटी एकदम बंद करणारे प्रयोग 2015 साली डेल्फ्ट, व्हिएन्ना आणि अमेरिकेतील बोल्डर येथे झाले. जगभर गाजणार हे दिसत असलेल्या निकालाखाली आपल्या हाताने त्याची मर्यादा लिहिणे, हा गुण विद्वत्तेहून दुर्मीळ आहे. व्यापारात तर तो अधिकच दुर्मीळ असतो, कारण तेथे मर्यादा लिहिणाऱ्याला त्याची किंमत रोकडीने मोजावी लागते.

कंपनीपर्यंतची वाट मात्र फोटॉनांमधून गेली नाही, ती थंड केलेल्या अणूंमधून गेली. 1985 पासून काही वर्षे आस्पे कोएन-तानूजी यांच्याबरोबर लेसरने अणू थंड करण्याच्या संशोधनात होते, ज्याबद्दल कोएन-तानूजी यांना 1997 चे नोबेल मिळाले. आणि 1992 मध्ये ऑर्सेच्या प्रकाशविज्ञानसंस्थेत परतल्यावर त्यांनी तेथे अणुप्रकाशिकीचा गट उभा केला. त्याच संस्थेत त्यांचे जुने सहकारी ग्राँजिए यांच्या हाताखाली 2001 मध्ये एक छोटा पण फलदायी शोध लागला: लेसरचा किरण एका मायक्रॉनहून बारीक जागेत एकवटला तर त्या प्रकाशचिमट्यात एका वेळी एक अणू राहतो किंवा एकही राहत नाही, दोन आले तर प्रकाशाच्या प्रभावाखाली एकमेकांवर आपटून दोघेही बाहेर फेकले जातात. हा निबंध लिहिणाऱ्यांत झोर्झ-ऑलिव्हिए रेमों नावाचे एक विद्यार्थी होते. 2009 मध्ये याच संस्थेने, आणि त्याच सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या एका गटाने, अणू उच्च उद्दीपित अवस्थेत, म्हणजे रिडबर्ग अवस्थेत, नेला असता शेजारचा अणू त्या अवस्थेत जाऊ शकत नाही हे दोन एकेकट्या अणूंवर प्रत्यक्ष दाखविले. आस्पे यांच्या गटातच तयार झालेले आंत्वान ब्रोवेस आणि त्यांचे सहकारी तिएरी लाए यांनी 2016 मध्ये असे अणू एकेक उचलून हव्या त्या आकृतीत मांडून दाखविले, दोन वर्षांनी तीन मितींतही मांडले, आणि 2021 पर्यंत जवळजवळ दोनशे अणूंच्या मांडणीतून चुंबकत्वाचे असे वर्तन अभ्यासले, की जे नेहमीच्या संगणकाने काटेकोरपणे गणित करून काढणे अतिशय कठीण जाते. रेमों मध्यंतरी उद्योगधंद्यात जाऊन आले होते. 2019 मध्ये ब्रोवेस, लाए, रेमों, आस्पे आणि भांडवलाची बाजू जाणणारे एक सहकारी यांनी मिळून जी कंपनी काढली, तिच्या मागे याप्रमाणे जवळजवळ दोन दशकांचे प्रसिद्ध झालेले, कोणालाही तपासता येण्याजोगे काम उभे होते. पुढे जे सांगावयाचे आहे त्यात या गोष्टीला फार महत्त्व आहे.

हे यंत्र चालते कसे, तेही पाहिले पाहिजे, कारण ते समजल्यावाचून सल्लागाराच्या कामाचे स्वरूप कळणार नाही. एका निर्वात पेटीत रुबिडियमचा विरळ वायू लेसरने इतका थंड केला जातो, की त्याचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या काही लक्षांश भागांइतकेच राहते. मग एका किरणाचे शेकडो बारीक किरण करून प्रकाशचिमट्यांची जाळी उभी करतात. वर सांगितलेल्या कारणामुळे सुमारे निम्म्या चिमट्यांत अणू सापडतो आणि निम्मे रिकामे राहतात. छायाचित्र घेऊन, कोठे अणू आहे ते पाहून, एका फिरत्या चिमट्याने ते उचलून रिकाम्या जागी बसवितात. मांडणी झाली की लेसर व सूक्ष्मलहरींच्या स्पंदांनी अणूंच्या अवस्था घडवितात, शेवटी पुन्हा छायाचित्र घेतात, आणि कोणता अणू उरला व कोणता नाहीसा झाला यावरून उत्तर वाचतात. एका वाचनाने काही निश्चित कळत नाही, म्हणून हीच सारी क्रिया शेकडो वेळा करावी लागते. आणि अणू पकडण्यामांडण्यात वेळ जात असल्यामुळे एका सेकंदात अशी आवर्तने थोडीच होतात. हे दोष यंत्राच्या जातीतच आहेत. उलट सर्व रुबिडियम अणू निसर्गतःच एकसारखे असतात, ते घडवावे लागत नाहीत, ही या जातीची मोठी जमेची बाजू. 2024 मध्ये पास्कलने एका वेळी हजारांहून अधिक अणू धरून दाखविले.

हजार ही संख्या ऐकून सामान्य गुंतवणूकदाराचे डोळे विस्फारतात, आणि नेमक्या याच ठिकाणी सल्लागाराचे काम सुरू होते. अणू धरणे ही एक गोष्ट, त्या सर्वांवर एकाच वेळी अचूक क्रिया करणे ही दुसरी, आणि त्या क्रियांतील चुका चालता चालता दुरुस्त करीत लांबलचक गणित शेवटास नेणे ही तिसरी. पहिली साधली म्हणजे तिसरी साधली असे मुळीच नव्हे. पीटर शोर यांनी 1994 मध्ये दाखविलेल्या रीतीने आजची गुप्तलेखनपद्धती फोडावयाची तर किती क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकाचे मूलभूत घटक, लागतील याचा एक प्रसिद्ध हिशेब 2019 मध्ये झाला, त्यात ती संख्या दोन कोटी होती. 2025 मध्ये त्याच लेखकांपैकी एकाने सुधारलेल्या रीतीने ती दहा लक्षांच्या आत आणली. उपलब्ध यंत्रे आणि हे आकडे यांच्यामधील दरी कंपनीच्या विक्रीविभागाने सांगावी अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. ती सांगण्याचा अधिकार आणि जबाबदारी ज्याची विश्वासार्हता कंपनीच्या बाहेर मिळविलेली आहे त्याचीच.

आणि पैसा तर आता मोठा आहे. 21 जानेवारी 2021 रोजी राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी साक्ले येथे 1.8 अब्ज युरोंची राष्ट्रीय क्वांटम योजना जाहीर केली. 2023 च्या जानेवारीत सिंगापूरच्या तेमासेक या गुंतवणूकसंस्थेच्या पुढाकाराने पास्कलला 100 दशलक्ष युरोंचे भांडवल मिळाले. फ्रान्स व जर्मनी येथील महासंगणक केंद्रांनी तिची यंत्रे मागविली. अशा वेळी एखाद्या नोबेलमानकऱ्याचे नाव कंपनीच्या पत्रकावर असणे म्हणजे एक प्रकारचे तारण ठेवणे होय: कर्जदाराच्या मालाची पारख ज्याला करता येत नाही तो सावकार तारणाकडे पाहून रक्कम मोजतो. म्हणून त्या नावाचा धनी आपले तारण कोणत्या कागदावर ठेवीत आहे याविषयी दक्ष असला पाहिजे.

इतिहासात याची दोन मोठी उदाहरणे आहेत आणि ती क्वांटमच्या नव्या धांदलीत विसरली जातात. 1856 मध्ये अटलांटिक महासागराच्या तळातून तारेची केबल टाकण्यासाठी लंडनमध्ये कंपनी निघाली, आणि ग्लासगोचे तरुण प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, तिच्या संचालकमंडळावर आले. लांब केबलमधून संदेश जाण्याचा वेग लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात मंदावतो, म्हणून तार जाड हवी व तिला जाड आवरण हवे, असा त्यांचा गणिती निष्कर्ष होता. परंतु कंपनीचे विद्युत्‌प्रमुख वाइल्डमन व्हाइटहाउस, जे व्यवसायाने शल्यवैद्य होते, त्यांना तो मान्य नव्हता, आणि भागधारकांची घाई व्हाइटहाउस यांच्या बाजूला होती. 1858 च्या ऑगस्टमध्ये केबल जोडली गेली. राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश पोचण्यास सुमारे सोळा तास लागले. क्षीण संकेत वाचण्यासाठी टॉमसन यांनी केलेले आरशाचे नाजूक उपकरण बाजूला सारून व्हाइटहाउस यांनी दोन हजार व्होल्टांच्या सुमाराचा दाब लावला, आणि काही आठवड्यांत ती केबल कायमची मुकी झाली. त्यानंतर सरकार आणि कंपनी यांची संयुक्त चौकशी बसली, साक्षी झाल्या, अहवाल निघाला, आणि टॉमसन यांच्या गणिताला मान मिळाला. 1866 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजावरून टाकलेली केबल टिकली, आणि तेच जहाज 1870 मध्ये मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकीत गेले. मुंबईच्या पेढ्यांवर लंडनचे भाव त्या तारेने येऊ लागले त्यामागे बारा वर्षांपूर्वी ज्याचे म्हणणे ऐकले गेले नव्हते अशा एका सल्लागाराचे गणित होते.

दुसरे उदाहरण जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांचे, आणि ते क्लेशकारक आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील हे प्राध्यापक 1899 पासून मार्कोनी कंपनीचे वैज्ञानिक सल्लागार होते, अगदी याच हुद्द्याने. कॉर्नवॉलमधील पोल्धू येथील प्रचंड शक्तीचे प्रेषणकेंद्र त्यांच्या आराखड्याने उभे राहिले. परंतु अटलांटिकपार संदेश पोचल्यास त्याचे मुख्य श्रेय मार्कोनी यांचेच राहील, हे कंपनीने त्यांना आधीच लेखी कळविले होते. 12 डिसेंबर 1901 च्या त्या घटनेचे श्रेय तसेच वाटले गेले. पण फ्लेमिंग यांचे अधिक नुकसान त्यांनी स्वतः दिलेल्या निर्वाळ्याने झाले. मार्कोनी यांची जुळणीची पद्धत अशी आहे की परक्या लहरी तिच्यात शिरकाव करू शकत नाहीत, असे कंपनीच्या वतीने ते जाहीरपणे सांगत असत. आणि 1903 च्या जूनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचे व्याख्यान चालू असता जादूगार व तारायंत्रज्ञ नेव्हिल मॅस्केलाइन यांनी बाहेरून आपल्या लहरी सोडून त्याच उपकरणात टवाळीचे संदेश उमटविले. फ्लेमिंग यांनी वृत्तपत्रातून संताप व्यक्त केला, पण दावा उघडा पडला तो पडलाच. त्या वर्षाअखेर कंपनीने त्यांचा करार चालू ठेवला नाही. 1904 मध्ये त्यांनी निर्वात नळीचा, म्हणजे साऱ्या पुढच्या इलेक्ट्रॉनिकीच्या आद्य घटकाचा शोध लावला आणि 1905 मध्ये ते पुन्हा कंपनीच्या नोकरीत आले. थोर माणूस, पण कंपनीचा दावा हा आपल्या प्रयोगाचा निष्कर्ष असल्याप्रमाणे त्यांनी मांडला, हे त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

क्वांटम संगणकाच्या क्षेत्रात याचे प्रतिध्वनी उमटून गेले आहेत. कॅनडातील डी-वेव्ह कंपनीने 2007 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियात सोळा क्युबिटांच्या यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक केले, तेव्हा यंत्राच्या अंतरंगात पुंजस्वभावाचे काम खरोखर किती चालते याचा पुरावा भौतिकशास्त्रज्ञांनी मागितला. आणि 2014 मध्ये स्वतंत्र संशोधकांनी तिच्याच पाचशेंवर क्युबिटांच्या यंत्रावर कसोट्या घेतल्या तेव्हा, त्यांनी निवडलेल्या प्रकारच्या उदाहरणांत, नेहमीच्या संगणकावर वेगाची सरशी आढळली नाही. 2019 मध्ये गूगलने 53 क्युबिटांच्या यंत्राने दहा हजार वर्षांचे गणित 200 सेकंदांत केल्याचा निबंध प्रसिद्ध केला. आयबीएमने ते महासंगणकावर अडीच दिवसांत होईल असे उत्तर दिले. हा वाद उघड निबंधांतून झाला, आणि वाचकाला दोन्ही बाजू तपासता आल्या, म्हणून त्यातून विज्ञानाचा लाभच झाला.

आस्पे यांच्याविषयी माझे मत अनुकूल आहे आणि ते त्यांच्या नोबेलमुळे झालेले नाही. पहिली गोष्ट, ते ज्या संस्थेच्या भिंतींआड आयुष्याचा मोठा काळ वावरले तिच्याच कामातून कंपनी उगवली. बाहेरून आलेल्या उद्योजकाने शोभेसाठी त्यांना पाचारण केले असा प्रकार झाला नाही, आणि त्यामुळे कंपनीचा कोणता दावा कोणत्या प्रयोगावर उभा आहे हे त्यांना विचारावे लागत नाही. दुसरी, त्यांच्या चरितार्थाला आणि कीर्तीला कंपनीची गरज नाही; बेल यांनी 1975 मध्ये ज्या कायम नोकरीची चौकशी केली होती तिचेच हे उत्तरकालीन रूप आहे, कारण अप्रिय प्रश्न विचारण्यासाठी जसा तरुणाला आधार लागतो तसा अप्रिय उत्तर देण्यासाठी वृद्धालाही लागतो. तिसरी, आपल्या व्याख्यानांतून ते जो भेद सतत करतात तो: एका ठरावीक जातीच्या भौतिक प्रश्नाची प्रतिकृती अणूंच्या मांडणीत उभी करून तिचे वर्तन पाहणे, जे आज घडत आहे, आणि कोणतेही गणित चुका सुधारीत करणारा सर्वसमर्थ संगणक, ज्याला निसर्गनियमाची आडकाठी दिसत नसली तरी जो अजून हाती आलेला नाही. त्यांच्याच देशातील सर्ज आरोश यांनी, ज्यांना 2012 चे नोबेल मिळाले, आपल्या सहकाऱ्यासह 1996 मध्ये असा संगणक हे स्वप्न आहे की दुःस्वप्न असा प्रश्न करणारा लेख लिहिला होता. क्युबिटांची संख्या वाढू लागली की बाहेरच्या जगाशी त्यांचा संबंध त्यांची अवस्था नासवितो, ही त्यातील मुख्य हरकत चुका सुधारण्याच्या नव्या रीतींनी सौम्य झाली आहे, मिटलेली नाही. अशा परंपरेत वाढलेला सल्लागार कंपनीला कधी कधी जड वाटत असेल. वाटावाच.

परंतु व्यक्तीच्या गुणावर सारा भरवसा ठेवणे हे कारभाराचे लक्षण नव्हे, आणि हे सांगताना माझ्या डोळ्यांपुढे आपला देश आहे. केंद्र सरकारने 19 एप्रिल 2023 रोजी राष्ट्रीय क्वांटम मिशनला मंजुरी दिली. 2030-31 पर्यंत 6003.65 कोटी रुपये खर्चून 50 ते 1000 क्युबिटांची यंत्रे करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्यातील संरक्षण संशोधन संघटनेची तरुण शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा आणि टाटा कन्सल्टन्सी यांनी मिळून 2024 मध्ये सहा क्युबिटांच्या अतिवाहक यंत्राची पूर्ण कसोटी घेतली. पुण्याच्या आयसरमध्ये थंड अणूंवर प्रयोग चालतात आणि तेथेच या विषयाचे एक केंद्र सरकारी साह्याने उभे आहे; प्रकाशीय अणुघड्याळ करू पाहणारी एक नवी कंपनीही पुण्याचीच. सहा ही संख्या हजारापुढे लहान दिसेल, पण ती मोजून दाखविलेली आहे, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

आता या कंपन्यांच्या पत्रकांवर आपल्या प्राध्यापकांची नावे येऊ लागतील, काहींची आलीही आहेत, आणि त्यात गैर काही नाही; शोध प्रयोगशाळेतच कुजावा असे कोण म्हणेल? जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये एका तारकंपनीच्या धनिकाने पुढे केलेला करार नाकारला, हे त्यांनी रवींद्रनाथांना पत्राने कळविले होते. त्यांचा तो वैराग्याचा मार्ग वंदनीय आहे, पण तो सर्वांसाठी नाही आणि आज राष्ट्राच्या हिताचाही नाही. प्रश्न सल्लागार व्हावे की नाही हा नसून कोणत्या अटींवर व्हावे हा आहे. सल्लागाराला किती भाग मिळाले, त्याची मुदत किती, सरकारी प्रयोगशाळेतील विद्यार्थ्याचे काम कंपनीच्या दप्तरात जाताना विद्यार्थ्याला काय मिळाले, आणि कंपनीच्या यंत्राचे मोजमाप प्रतिकूल निघाले तर ते छापण्यास त्याला मुभा आहे काय, हे सारे उघड असले पाहिजे. ज्या सरकारी निधीतून मिशन चालते त्याच्या अटींत हा मजकूर घालणे फार अवघड नाही. एका परिपत्रकाचे काम आहे.

ते परिपत्रक निघेतोवर थांबण्याचे कारण नाही. पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांतील ज्या प्राध्यापकांपुढे उद्या असा करारनामा येईल त्यांना माझी विनंती आहे, की सही करण्यापूर्वी मोजमाप, अनुकूल असो वा प्रतिकूल, प्रसिद्ध करण्याचा आपला हक्क त्यांनी त्यात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावा, आणि कंपनी तो लिहून देण्यास राजी नसेल तर सही करू नये.